पुरावाबाईंचे वाढीव संदर्भ

थोर माणसांबद्दल पुरावाबाईंचं मत विचारायची सोय नव्हती. कुणी विचारलंच, तर त्या चष्मा नाकावर खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "कितव्या खंडातले?" खंड कुठलाही सांगा, तोंड तेवढंच वाकडं व्हायचं. चौतीस वर्षं त्यांनी चरित्रकोशाच्या कचेरीत काढली होती. आठ खंड, चौदा हजार नोंदी, आणि एकूण एक नोंद त्यांच्या हाताखालून गेलेली. चौदा हजार थोर माणसं इतक्या जवळून पाहून ज्याचा आदर शाबूत राहील, तो एक तर संत असला पाहिजे नाहीतर संपादक. बाई दोन्ही नव्हत्या. त्या फक्त पडताळणी करायच्या.

कचेरी टपाल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. खालून दिवसभर शिक्के मारल्याची धपधप यायची. वर लोखंडी कपाटं, भिंतभर लाकडी खण, खणांत नोंदींची कार्डं, आणि खिडकीशी बाईंचं टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली तिसरा खंड घातलेला होता. तिसऱ्या खंडाचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

कोशाचा मुख्य नियम असा, की मेल्याशिवाय नोंद नाही. खंड निघायचे अक्षरांच्या क्रमाने. म्हणजे माणूस नुसता थोर असून भागायचं नाही, आपल्या अक्षराचा खंड छापायला जायच्या आत त्याने वेळेवर मरायलाही हवं. यामुळे कचेरीत असे फोन यायचे: "आमचे काका फार सीरियस आहेत हो. खंड कधी बंद होतोय?" बाई तारीख सांगायच्या. पलीकडे थोडा वेळ हिशेब चालायचा, मग आवाज यायचा, "बघू, डॉक्टर काय म्हणतात ते." एका घरच्यांनी तर मुदत आठ दिवस वाढवून मागितली होती. बाईंनी वाढवून दिली नाही आणि काका बरे होऊन घरी गेले.

बाई मुळात आल्या होत्या टंकलेखनाला. वय तेवीस, पदवी साधी, तोंड तिखट. दुसऱ्याच आठवड्यात एका साहित्यसम्राटाची नोंद टंकताना त्यांच्या लक्षात आलं, की गृहस्थांनी स्वतःच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी एका वाचनालयाचं उद्घाटन केलं आहे. त्या वेळच्या संपादकांनी सांगितलं, "तुम्ही टंकलेखन करा, विचार करू नका." बाईंनी जेवणाच्या सुट्टीत जाऊन दोन वर्तमानपत्रं शोधून आणली आणि संपादकांच्या पुढ्यात ठेवली. संपादक आधी लाल झाले, मग त्यांनी बाईंना पडताळणीच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून कुणीही काहीही सांगितलं, की बाईंच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "पुरावा?" नाव पडायला तेवढं पुरलं. पुढे पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

थोर माणसांची माहिती यायची चार पानी छापील पत्रकावर. ते पत्रक बहुधा मुलगा भरायचा, आणि ते भरताना त्याची बुद्धी कुठे चरायला जायची कोण जाणे. 'बालपण अत्यंत हलाखीत' असं लिहिलेल्या माणसाच्या वडिलांची नोंद त्याच खंडात असायची आणि त्यात त्यांच्या दोन गिरण्या असायच्या. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्यांचा तर सुळसुळाट होता. एकदा वैतागून बाईंनी नगरपालिकेतून जुना आकडा मागवला. त्या काळी गावात रस्त्यावरचे दिवे होते एकशे बारा. कोशात दिव्याखाली शिकलेले होते दोनशे सहा. बाईंनी एकेका दिव्याखाली दोघे बसवून पाहिले आणि मग लाल पेन्सिल घेऊन सगळ्यांना घरी पाठवलं.

या धंद्याचा इतिहासही त्यांनी वाचला होता, आणि त्यावरही त्यांचा राग होता. आधी म्हणे राजांच्या याद्या झाल्या, दगडावर आणि मातीच्या विटांवर. त्यात राजा सोडून कुणी जन्मलंच नव्हतं. मग साधुपुरुषांची चरित्रं आली, त्यांत चमत्कार जास्त आणि तारखा कमी. मग दरबारच्या अधिकाऱ्यांची आली. मग कोण कुणापाशी काय शिकला, ते सांगणारे विद्वानांचे कोश आले. मग देशादेशांत चढाओढ लागली, की थोर माणसं आमच्याकडे जास्त की तुमच्याकडे, आणि प्रत्येकाने साठ साठ खंडांचा घाट घातला. शेवटी तर जिवंत माणसांनी स्वतःची माहिती स्वतःच भरून द्यायची पुस्तकं निघाली, म्हणजे निर्लज्जपणाची हद्दच झाली. यातला प्रत्येक कोश आधीच्या कोशावरून उतरवलेला, आणि प्रत्येकाच्या प्रस्तावनेत लिहिलेलं, की आधीचा कोश भरवशाचा नाही. "हे एवढं मात्र खरं लिहितात," बाई म्हणायच्या.

त्यांचा नियम साधा होता. दोन स्वतंत्र छापील पुरावे असतील तर ओळ राहील, नसतील तर जाईल. नातेवाइकांची साक्ष बाद. आणि या नियमाच्या तावडीत थोर माणसं सापडायची त्याहून जास्त सापडायच्या त्यांच्या घरातल्या बायका. त्यांची पत्रं यायची. अमुक पंडितांचा शब्दकोश निम्मा मी जुळवला, तमुक संशोधकांचे प्रयोग मी मांडले, माझ्या वडिलांच्या प्रवासवर्णनातला प्रवास मी केला, ते आजारी होते. बाई पत्र वाचायच्या, कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'पुरावा नाही' लिहायच्या आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकायच्या. तो खण भरून घट्ट झाला होता, उघडताना पाय लावावा लागायचा.

एक बाई तर स्वतः पत्र घेऊन जिने चढून आल्या होत्या. साठीच्या असतील. वडील भूगोलकोशाचे कर्ते, दुसऱ्या खंडात त्यांची दीड स्तंभाची नोंद होती. त्या कोशातले सगळे नकाशे आपण काढले, असं या बाईंचं म्हणणं होतं. बोटं दाखवायला पुढे केली होती. शाईने नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या.

"पुरावा?" पुरावाबाईंनी विचारलं.

"घरातल्या घरात काम करताना कोण पावत्या घेतं हो?" त्या म्हणाल्या.

"मग मी काही करू शकत नाही."

"तुम्ही करू शकता," त्या उठता उठता म्हणाल्या, "करत नाही." आणि जिना उतरून गेल्या. पुरावाबाईंनी पत्र खणात टाकलं आणि चहा प्यायला. त्या वेळी त्यांना काहीही वाटलं नव्हतं, आणि हेही इथे सांगितलं पाहिजे.

काही वाटायला हवं होतं, कारण घरी त्यांची आई होती.

आई वयाच्या पाच​व्या दशकात असताना मामाचा वनस्पतिकोश पूर्ण झाला, पाच भाग, हिरव्या कापडी बांधणीचे. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. आई शाळेच्या पुढे गेलेली नव्हती. पण लहानपणापासून पुरावाबाई ज्या गादीवर झोपल्या तिच्याखाली जुन्या वर्तमानपत्रांत पानं आणि फांद्या वाळत घातलेल्या असायच्या. कूस बदलली की कुरकुर वाजायचं. आई टेकडीवर जायची, गवत कापणाऱ्या बायकांशी बोलायची, झाड आणायची, पुस्तकांत शोधायची, आणि दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून चिठ्ठी लिहायची: पान कसं, फूल कसं, कधी उमलतं, कशाला उपयोगी. दर रविवारी मामा पिशवी घेऊन यायचा, चिठ्ठ्या मोजून न्यायचा आणि म्हणायचा, "या खेपेला कमी झाल्या." तेवीस वर्षं हे चाललं होतं.

त्या कोशात एका रानफुलाची नोंद आहे. ते पहाटे चारला उमलतं आणि दूधवाला येईपर्यंत मिटतं, असं त्यात मिनिटांसकट दिलं आहे. मामा आयुष्यात नऊच्या आत उठल्याचा एकही पुरावा कुठे उपलब्ध नाही.

कोशाच्या प्रस्तावनेत मामाने एकोणीस जणांचे आभार मानले. प्राचार्यांचे, छापखान्याच्या मालकाचे, बांधणी करणाऱ्याचे, एका डाकबंगल्याच्या रखवालदाराचे आणि 'सदैव सोबत करणाऱ्या' कुत्र्याचे. बहिणीचे नाहीत. पुरावाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांना मामाचा राग आलाच, पण त्याहून जास्त आईचा आला. जी बाई कुत्र्याच्याही मागे राहिली आणि तरी रविवारी भावाला चहा करून देत राहिली, तिच्याबद्दल आदर कुठून आणायचा? तेव्हापासून घरात मामाच्या कोशाचा विषय निघाला, की पुरावाबाई उठून दुसऱ्या खोलीत जायच्या.

मग मामा वारला, अठ्ठ्याऐंशी पूर्ण करून, झोपेत, अर्थात नऊच्या आत. त्याच्या अक्षराचा खंड निघून अकरा वर्षं झाली होती, पण उशिरा मेलेल्यांसाठी शेवटी एक पुरवणी खंड निघणार होता. तो छापला की कोशाचं काम संपणार, कचेरी बंद होणार आणि पुरावाबाई निवृत्त होणार. राहिलेले महिने चार.

आई तेव्हा शहाऐंशीची. काचबिंदूने नजर गेलेली, फक्त उजेड आणि अंधार कळायचा. मामाची बातमी तिला पुरावाबाईंनीच सांगितली. दोन दिवसांनी पुरावाबाई कपड्यांच्या घड्या घालत असताना ती म्हणाली, "दादाची नोंद तूच करणार ना गं?"

"मीच. दुसरं कोण आहे तिथे?"

"मग माझी एक ओळ घाल त्यात. मोठी नको. बहिणीने चिठ्ठ्या लिहिल्या, एवढंच."

पुरावाबाईंच्या हातातली घडी राहिली. त्यांच्या आठवणीत आईने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "बघते," त्या म्हणाल्या. कचेरीत 'नाही' म्हणायच्या ऐवजी त्या हाच शब्द वापरत, पण आईला ते ठाऊक नव्हतं. आईचा चेहरा उजळला, आणि आता मात्र पुरावाबाई अडकल्या.

पुढच्याच आठवड्यात मामेभाऊ कचेरीत आला. हा दातांचा डॉक्टर. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये माहितीपत्रक आणि मामाचा फोटो, हातात फूल धरलेला. फूल बागेतलं होतं, विकतचं.

"ताई, दोन कॉलम तरी हवेत हं. बाबांचं काम बघता कमीच आहे ते."

पुरावाबाईंनी पत्रक उघडलं. 'सहकार्य' या रकान्यात लिहिलं होतं, 'पत्नीची समर्थ साथ.' मामी बिचारी दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या झाडाला वर्षभर पाणी घालत होती.

"आणि आईच्या चिठ्ठ्या?" पुरावाबाईंनी विचारलं. "खोकी होती ना माळ्यावर? तिच्या अक्षरातली?"

"ती होय! अगं, माळा नुसता भरला होता. बाबा गेले त्याच आठवड्यात रद्दीत दिली. वाळवी लागली असती." मग जरा आठवल्यासारखं करून म्हणाला, "आत्याचं अक्षर छान होतं. बाबा म्हणायचे, उतरवून काढायला बरी आहे."

पुरावाबाई पुन्हा पत्रकात डोकं घालून बसल्या. त्याला जिन्यापर्यंत पोचवायलाही उठल्या नाहीत.

आता उरले मुख्य संपादक. यांना कचेरीत 'प्रस्तावना' म्हणत, कारण ते बोलायला लागले की मूळ मजकूर कधी यायचाच नाही. पण त्या दिवशी ते अगदी थोडक्यात बोलले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी काही मागितलं होतं, आणि तो आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"बाई, पुरावा?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय, सर."

"तुम्ही नातेवाईक. नातेवाइकांची साक्ष आपण घेत नाही." त्यांनी खुर्चीत मागे रेलून घेतलं. "म्हणजे मी घेतली असती हो. तुम्हीच कधी घेऊ दिली नाहीत."

पुरावाबाई जागेवर येऊन बसल्या. कान तापले होते. मग त्यांनी मामाचं माहितीपत्रक पुढे ओढलं आणि लाल पेन्सिलीला टोक केलं. नियम हवाय ना? घ्या नियम.

'वनस्पतिकोशाचे लेखन'. पुरावा एक, कोशाचं मुखपृष्ठ. पुरावा दोन, कोशाची प्रस्तावना. दोन्ही एकाच पुस्तकातले, एकाच माणसाने लिहिलेले, म्हणजे पुरावा एकच. परीक्षणं होती चार. चारही प्रस्तावनेवरून उतरवलेली, त्यातल्या छपाईच्या चुकीसकट. खोडलं. 'शेकडो वनस्पती स्वतः रानोमाळ हिंडून गोळा केल्या'. कॉलेजच्या हजेरीपटावर गृहस्थ रोज हजर, आणि एकतिसाव्या वर्षापासून गुडघेदुखीचा दाखला. खोडलं. 'विद्यार्थ्यांचे लाडके'. कुठले विद्यार्थी? खोडलं. संध्याकाळपर्यंत मामाचं जे काही उरलं ते असं: वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख, आणि 'अध्यापनाखेरीज अन्य कार्यास स्वतंत्र पुरावा उपलब्ध नाही'. तीन ओळी. कायद्याने कुणी बोट ठेवू शकलं नसतं. पुरावाबाईंना चौतीस वर्षांत इतकं समाधान कुठल्याच नोंदीने दिलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी चप्पल काढायच्या आत आईला त्या तीन ओळी वाचून दाखवल्या. आवाजात विजय होता. आईने ऐकलं. थोडं थांबली, पुढचं यायची वाट बघत.

"आणि कोश?"

"खोडला. पुरावा नाही त्याला."

"पुरावा कसला? छापलाय की तो. पाच भाग."

"त्याने लिहिला याला पुरावा नाही, आई!"

"त्याने नाहीच लिहिला. मी लिहिला." आईचा आवाज चढला. तो चढलेला पुरावाबाईंनी फारसा कधी ऐकला नव्हता. "मग तू खोडलंस कुणाला? त्याला का मला? त्याच्या नावाखाली का होईना, होता तरी कोश. माणसं उघडायची, फूल बघायची. आता तूच लिहून ठेवलंस, की याने काही केलं नाही. उद्या ते पाच भाग कपाटातून खाली कोण काढणार? तुला दादाला खाली पाडायचं होतं. मी तुला ते सांगितलं होतं का?"

पुरावाबाई अजून चपलेतच उभ्या होत्या.

"एक ओळ मागितली होती," आई म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिली.

पुरावाबाईंना स्वतःची लाज वाटली. जगातल्या यच्चयावत थोरांना तुच्छ लेखता लेखता आपण नेमकं त्यांचंच काम करत आलो, हे त्यांना त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. थोरांनी बायकांची नावं गाळली, ती घाईत आणि गर्वात. बाईंनी ती शांतपणे, नियमाने आणि लाल पेन्सिलीने गाळली होती. शाईने काळी झालेली ती नखं त्यांना आठवली.

दुसऱ्या दिवशी मामाची नोंद पूर्ववत करायची म्हणून त्यांनी नियमावली काढली. खोडलेलं परत घ्यायचं तर सवलतीचं कलम दाखवावं लागायचं. नियमावली त्यांना तोंडपाठ होती, पण नवव्या कलमापर्यंतच. त्यापुढे कधी गरज पडली नव्हती. सवलत दहाव्यात मिळाली. पान उलटताना अकरावं दिसलं. 'नोंद तयार करताना ज्या कागदाचा, पत्राचा वा व्यक्तीच्या निवेदनाचा विचार झाला असेल, मग ते ग्राह्य ठरो वा न ठरो, त्याचा स्पष्ट उल्लेख त्या नोंदीच्या संदर्भांत केलाच पाहिजे.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. ग्राह्य ठरो वा न ठरो.

प्रत्येक नोंदीखाली सगळ्यात बारीक टाइपात संदर्भांची एक ओळ असते. कुठली पुस्तकं पाहिली, कुठली पत्रं, कुणाची मुलाखत. ती ओळ मुख्य संपादक वाचत नाहीत, थोरांचे मुलगे वाचत नाहीत, परीक्षण लिहिणारे तर मुळीच वाचत नाहीत. आणि संदर्भाला पुरावा लागत नाही. पत्र कुणाचं आहे हे पत्रातच लिहिलेलं असतं.

खालच्या खणाला पाय लावून त्यांनी तो उघडला. पत्रं मोजली. तीनशे एक्केचाळीस. प्रत्येकावर त्यांच्याच हाताने 'पुरावा नाही' लिहिलेलं, म्हणजे प्रत्येकाचा रीतसर विचार झालेला. आणि एकाचाही उल्लेख केलेला नव्हता. दुसऱ्यांच्या चुका काढत चौतीस वर्षं या कचेरीत कुणी नियम मोडला असेल, तर तो पुरावाबाईंनी.

पुरवणी खंडाच्या शेवटी 'मागील खंडांसाठी वाढीव संदर्भ' या नावाखाली सहा पानं राखलेली होती. बाई कामाला लागल्या. पत्र घ्यायचं, खंड आणि नोंद शोधायची, बाईचं पूर्ण नाव लिहायचं, आणि पुढे ती कोण ते. 'पत्र : शब्दकोशाचा उत्तरार्ध जुळवणारी पत्नी.' 'पत्र : प्रयोगांची मांडणी करणारी वहिनी.' 'समक्ष भेट : भूगोलकोशाचे सर्व नकाशे काढणारी मुलगी.' यांत सत्तावीस पत्रं धडधडीत खोटी होती. एका पुतणीने तर काकाच्या जन्माआधीचं पुस्तक स्वतः लिहिल्याचं म्हटलं होतं. तीही त्यांनी दात-ओठ खात घातली, कारण कलम सगळ्यांना सारखं होतं.

सहा पानांची त्रेचाळीस झाली. 'प्रस्तावना' प्रुफं चाळताना थबकले.

"बाई, एवढे संदर्भ?"

"कलम अकरा, सर."

त्यांनी अकरावं कलम बापजन्मात वाचलं नव्हतं, पण तसं कबूल करणं पदाला शोभलं नसतं. "अर्थात, अर्थात," ते म्हणाले. "कामाला वजन येतं यानं." आणि खरोखरच प्रकाशनाच्या सभेत त्यांनी छाती काढून सांगितलं, की संदर्भांची इतकी समृद्धी दुसऱ्या कुठल्याही चरित्रकोशात सापडायची नाही. टाळ्या पडल्या. मामेभाऊ पुढच्या रांगेत होता. त्याला वडिलांसाठी सव्वा कॉलम आणि फुलासकट फोटो मिळाला होता, तो खूश होता. खालची ओळ त्याने वाचलीच नाही.

नकाशे काढणाऱ्या बाईंना पुरावाबाईंनी खंडाची एक प्रत जुन्या पत्त्यावर पाठवली होती. अकरा दिवसांनी पुडकं परत आलं. त्यावर खालच्याच टपाल कार्यालयाचा शिक्का होता: पत्त्याची व्यक्ती मयत. म्हणजे आता त्या नियमाने नोंदीला पात्र झाल्या होत्या, आणि आता खंड उरला नव्हता. पुरावाबाईंनी पुडकं फोडलं नाही. टेबलाचं सामान आवरताना ते त्यांनी आपल्या पिशवीत घातलं आणि घरी नेलं.

आई खिडकीशी उजेडात बसली होती. पुरावाबाईंनी पुरवणी खंड तिच्या मांडीवर ठेवला आणि मामाची नोंद वाचून दाखवली. गरिबी, हिंडणं, कोशाचे पाच भाग, सगळं जसंच्या तसं. वाचताना जीभ जड होत होती, पण वाचलं. मग खालची ओळ. आधी आईचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, मग 'प्रत्यक्ष मुलाखत : वनस्पतिकोशाच्या सर्व चिठ्ठ्या लिहिणारी धाकटी बहीण'.



"केवढ्या अक्षरात आहे गं?"

"सगळ्यात बारीक," पुरावाबाई म्हणाल्या. त्यांना खोटं सांगता आलं असतं, पण ती सवय नव्हती. "चष्मा असला तरच दिसेल."

"असू दे. मला मोठंही कुठे दिसलं असतं?" आई हसली. "कुठे आहे, बोट ठेव माझं."

पुरावाबाईंनी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. आईने ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं, सावकाश, पान चुरगळू नये अशा बेताने.

"पुढे वाच."

"एवढंच आहे, आई. तुझी एकच ओळ."

"माझी नाही गं. तू म्हणालीस ना, शेवटी पुष्कळ आहेत म्हणून? त्या बाकीच्या बायकांची वाच."

पुरावाबाईंनी चष्मा पुसला, शेवटची त्रेचाळीस पानं उघडली आणि पहिल्या खंडापासून सुरुवात केली.